मनाई नाही, फक्त सोय नाही

सुईबाईला गल्लीतली मोठी माणसं चेहऱ्यावरून कमी आणि दंडावरून जास्त ओळखू यायची. नावं ती विसरायची, पण शीर एकदा सापडली की जन्मात विसरायची नाही. तपासणीच्या लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करणं हे तिचं काम. सकाळी लोक चहाविना ताटकळत उपाशीपोटी बसलेले असायचे, आणि ही पिशवी घेऊन दारात उभी राहिली की भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. मशीद कमिटीचे अध्यक्ष तर गल्लीतलं बडं प्रस्थ. त्यांचं फरशांचं दुकान होतं, आणि दुकानात ते ओरडले की हमालाच्या हातातली फरशी खाली पडायची. पण सुई दिसली की हाच माणूस भिंतीकडे तोंड फिरवून मोठमोठ्याने कलमा पढायला लागायचा.

"झालं का?"

"अजून टोचलंच नाही, साहेब. मूठ आवळा."

त्यांच्या दंडाला पट्टा बांधताना तिला दर वेळी मौज वाटायची. गल्लीतल्या तमाम बायकांनी कुठे उभं राहावं आणि कुठे राहू नये हे ठरवणारा हा गृहस्थ स्वतःच्या रक्ताचा थेंब बघू शकत नाही. अर्थात ती हे तोंडाने म्हणायची नाही. शीर सापडेपर्यंत तरी नाहीच.

सुईबाईचं घर मशिदीच्या बरोब्बर समोर, तळमजल्यावर होतं. खिडकी उघडली की समोर मशिदीचा दरवाजा, आणि दरवाजाच्या आत काढलेल्या चपलांचा ढीग. सासूबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा मशीद म्हणजे पत्र्याची शेड होती. शेडची भिंत झाली, भिंतीवर घुमट झाला, दारात नळ आले. हे सगळं सासूबाईंनी खिडकीतून पाहिलं. मशिदीतली लांबच लांब जाजमं धुवायला वर्षानुवर्षं त्यांच्याच मोरीवर यायची. कुठल्या जाजमाला कुठे भोक पडलंय हे त्यांना पाठ होतं, पण ती जाजमं कुठे अंथरतात हे मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

या गोष्टीची त्यांनी इतकी वर्षं काही तक्रारही केली नव्हती. तक्रार सुरू झाली ती डोळ्यांमुळे. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती दिवस टिकेल सांगता येत नाही. घरी येऊन सासूबाई खिडकीशी बसल्या आणि म्हणाल्या, "सूनबाई, बाकी सगळं बघून झालंय माझं. तुझं तोंड पाहिलं, माझ्या लेकाचं टक्कल पाहिलं. फक्त ही समोरची मशीद आतून बघायची राहिलीय."

सुईबाईचा नवरा फ्रिज दुरुस्त करायचा आणि पाचही वेळा मशिदीत जायचा. म्हातारीने आधी त्यालाच धरलं. "आत कसं आहे रे?"

तो विचारात पडला. "म्हणजे… मोठं आहे."

"ते बाहेरूनपण दिसतं. आत काय आहे?"

"पंखे आहेत. नवीन बसवलेत. एक जरा आवाज करतो."

"आणि तुझे अब्बा कुठे बसायचे?"

"खांबाजवळ."

"कुठल्या?"

"अम्मी, खांब तो खांब," तो म्हणाला आणि नमाजेची वेळ झाली म्हणून सटकला. म्हातारीने कपाळावर हात मारला. इतकी वर्षं हा आत जातोय आणि याने पाहिलं काय, तर पंखे!

सुईबाईने मनावर घेतलं. तिचं सासूवर फार प्रेम होतं असं नाही. सुरुवातीची काही वर्षं त्या दोघींचं एकमेकींच्या फोडणीवरूनसुद्धा जुंपायचं. पण जाजमं धुताना दोघींनी दोन टोकं धरून पिळली होती, आणि तेवढं पिळल्यावर बायकांत काहीतरी होऊन जातं. शिवाय नजर किती दिवस आहे ते माहीत नव्हतं. ती आधी मौलानांकडे गेली. मौलाना तरुण होते, सभ्य होते, आणि नोकरीला कमिटीच्या होते.

"आपा, मनाई अजिबात नाही," मौलाना म्हणाले. "पैगंबरांच्या काळात बायका मशिदीत यायच्या. अल्लाहच्या दासींना मशिदीपासून अडवू नका असं स्पष्ट सांगितलेलं आहे."

"मग घेऊन येऊ अम्मींना?"

"ते कमिटीला विचारावं लागेल."

कमिटी म्हणजे अध्यक्ष आणि चिटणीस. बाकीचे मान हलवायला. चिटणीस विमा एजंट होते, त्यामुळे नाही हा शब्द न वापरता नाही म्हणायची कला त्यांच्या अंगात मुरलेली. "मनाई कोण म्हणतं, ताई? मनाई नाहीच. फक्त सोय नाही. आता खाली हॉलमध्ये पुरुष असतात. तिथे महिला आल्या तर नमाजींचं लक्ष विचलित होणार."

"अहो, आमच्या अम्मी ऐंशीला टेकल्यात. त्यांच्याकडे बघून कुणाचं लक्ष विचलित झालं तर त्याला पाठवा माझ्याकडे, मी त्याचं सगळंच तपासून देते."

चिटणीस हसले. हसून झाल्यावर म्हणाले, सोय करू.

आणि त्यांनी खरंच सोय केली, हे कबूल करायला हवं. मशिदीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला लागून एक खोली होती. मोडके पंखे आणि जुनी जाजमं ठेवायची. ती अर्धी रिकामी केली. पंखे एका भिंतीशी सरकवले, त्यांच्यावर चादर टाकली, खालचा आवाज वर यावा म्हणून कोपऱ्यात एक स्पीकर टांगला आणि दारावर पाटी लावली: महिला कक्ष. वर जायला मागच्या बोळातून लोखंडी गोल जिना होता. तो इतका अरुंद की धष्टपुष्ट बाईने चढायचं तर आधी श्वास सोडून द्यावा.

सासूबाईंनी जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून वर पाहिलं. मग स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं. "ही सोय माझ्यासाठी केली?"

"हो, अम्मी."

"मग यापेक्षा मनाई बरी होती."

म्हातारी परत खिडकीशी जाऊन बसली. सुईबाई मात्र त्या शुक्रवारी वर गेली. शेजारपाजारच्या बायकाही हौसेने गेल्या. वर गेल्यावर कळलं की खालचं काही दिसत नाही, सगळा कारभार कानावर. स्पीकरमधून मौलानांचा 'अल्लाहू अकबर' आला की वाकायचं, पुन्हा आला की उठायचं. पहिली रकात, म्हणजे नमाजेची एक फेरी, सुरळीत पार पडली. दुसऱ्या रकातीत सगळ्या जणी सजद्यात गेल्या, कपाळं जमिनीला टेकली, आणि स्पीकरने मान टाकली.

सजद्यातून उठायचं ते इमामाच्या मागोमाग. इमाम तर ऐकू येईना. बायका वाट बघत राहिल्या. सुईबाईला आधी वाटलं, मौलानांनी आज लांब सजदा धरलाय, फार भक्तिभाव दाटून आला असेल. मग कुणाच्या तरी पायाला मुंग्या आल्या. कुणीतरी सजद्यातच कुजबुजलं, "मेले की काय मौलाना?" तरी एकीनेही डोकं वर काढलं नाही. इमामाच्या आधी उठायचं पाप कोण डोक्यावर घेणार? शेवटी खालून स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. मागोमाग दुसरी. नमाजेत स्कूटरी नसतात, एवढं तर सगळ्यांना माहीत होतं. डोकी वर झाली. खाली नमाज संपून, चपला घालून, अर्धे पुरुष जेवायला घरी पोहोचले होते.

सुईबाई तडक चिटणिसांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गहिवरले. "सुभानल्लाह! इतका लांब सजदा! आम्हा पुरुषांना जमेल का हो?" पुढच्या शुक्रवारी त्यांनी दारात चार लोकांना हा किस्सा सांगितला, त्यात गच्चीवरच्या भगिनींच्या निष्ठेचं तोंड भरून कौतुक होतं. स्पीकरच्या दुरुस्तीचा उल्लेख नव्हता. वायरमनला सांगितलंय, वायरमन येणार आहे, वायरमन गावाला गेलाय, असं करत चिटणिसांनी वेळ मारून नेली. हळूहळू बायका कमी झाल्या. एक दिवस सुईबाई एकटीच वर गेली, तर पंखे पुन्हा खोलीच्या मध्यापर्यंत आलेले.

"बघा," अध्यक्ष दंड पुढे करून, तोंड भिंतीकडे फिरवून म्हणाले, "आम्ही सोय केली. पण महिलांनाच आवड नाही."

सुईबाईने त्या दिवशी शीर दुसऱ्या प्रयत्नात शोधली. तिच्या हातून असं सहसा होत नसे.

तिकडे सासूबाईंची नजर कडेकडेने विरायला लागली होती. मधलं दिसे, बाजूचं दिसत नसे. जेवताना ताटातलं अर्धं त्यांना दिसायचंच नाही, आणि सुईबाई काही न बोलता ताट फिरवून ठेवायची. एकदा म्हातारी खिडकीतून बघत म्हणाली, "घुमट आहे ना गं अजून?" सुईबाईला राग आला तो म्हातारीचा नाही, त्या गोल जिन्याचा.

गाडं अडलं ते अडलंच असतं. पण अध्यक्षांची साखर वाढली. साखर त्यांची एकट्याची वाढली असती तर औषधावर भागलं असतं, पण चिटणिसांचीही वाढली, आणि मग कमिटीला समाजाच्या आरोग्याची काळजी वाटू लागली. मशिदीत साखर तपासणीचं शिबिर घ्यायचं ठरलं. लॅबच्या साहेबांनी सुईबाईलाच नेमलं.

"अंगणात घ्यायचं का?" तिने विचारलं.

"अंगणात ऊन आहे. हॉलमध्ये घेऊ, पंखे आहेत," चिटणीस म्हणाले.

मशिदीत रक्त कसं चालेल, असा कुणीतरी मुद्दा काढला. त्यावर मौलाना, अध्यक्ष, चिटणीस यांची बैठक झाली. रक्त बंद नळीत राहील, थेंब सांडणार नाही, आणि हॉलच्या शेवटी जाजम संपून नुसती फरशी लागते तिथे टेबल मांडायचं, असं ठरलं. रक्तासाठी एका बैठकीत वाट निघाली, हे पाहून सुईबाईला बायकांपेक्षा रक्ताचंच नशीब थोर वाटलं.

"आणि महिला?" तिने विचारलं.

"हो हो, महिलासुद्धा! समाजाचा अर्धा भाग आहे तो," चिटणीस म्हणाले. "आधी पुरुषांचं आटोपू, मग महिला."

"तपासणी हॉलमध्येच ना?"

"मग काय गच्चीवर? वर लाईट कुठे आहे!"

शिबिराच्या दिवशी सुईबाई पांढरा कोट घालून, पिशवी घेऊन मशिदीच्या मुख्य दारातून सरळ आत गेली. कुणी हटकलं नाही. उलट एकाने तिच्यासाठी पंखा वळवला. जन्मात पहिल्यांदा ती त्या हॉलमध्ये उभी होती, आणि बघायला फुरसत नव्हती, कारण पुढ्यात दंडांची रांग लागली होती.

पुरुष संपता संपेनात. महिलांची पाळी आली तेव्हा दुपार व्हायला आली होती. शेजारणी आल्या, टोचून घेऊन गेल्या. सासूबाई नवी ओढणी डोक्यावर घेऊन लेकाच्या हाताला धरून आल्या. सुईबाईने त्यांना सगळ्यात शेवटचा नंबर दिला आणि खुर्ची टेबलाशेजारी न ठेवता जाजमाच्या कडेला ठेवली. "बसा अम्मी. वेळ लागेल. तोवर बघा काय बघायचंय ते."

म्हातारीला बाजूचं दिसत नव्हतं, म्हणून ती सगळं डोकं फिरवून बघत होती. पुढची भिंत, भिंतीतला कमानीचा कोनाडा, वरचे पंखे, खिडकीच्या रंगीत काचा. मग उठली आणि लेकाला म्हणाली, "खांब दाखव."

त्याने दाखवला. म्हातारीने खांबावर हात फिरवला, अगदी तोंड जवळ नेऊन पाहिलं. माणूस टेकून बसेल तेवढ्या उंचीवर एक काळपट डाग होता. "त्यांच्याच डोक्याचा," ती म्हणाली. "किती तेल लावायचे! घरातली भिंतसुद्धा अशीच केली होती."

सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात हॉलला दोनदा तरी रंग दिलेला. हे सुईबाईला माहीत होतं, तिच्या नवऱ्यालाही माहीत होतं. ती टेबलावरच्या नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवायला लागली. नवरा तर पंख्याकडे बघायला लागला, कारण डोळ्यात पाणी आलं की तो वर बघतो.

म्हातारी परत येऊन खुर्चीत बसली. "एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच, अम्मी."

"मग इतकी वर्षं लपवत काय होते?"

तेवढ्यात अजान झाली. त्याच वेळी अध्यक्ष टेबलापुढे बसले होते, आधी समाज, मग आपण, असं उदाहरण घालून द्यायचं म्हणून त्यांनी स्वतःचा नमुना उशिरा ठेवला होता. कलमा पढून, दंडावर कापूस दाबून ते उठले आणि त्यांना खुर्चीतली म्हातारी दिसली. "ताई, नमाजेची वेळ झाली. आता महिलांनी…"

"त्यांचा नमुना राहिलाय," सुईबाई म्हणाली.

"मग घ्या ना पटकन."

"आत्ता नाही," म्हातारी म्हणाली. "मी घरून वुजू करून आलेय. रक्त निघालं की वुजू तुटतो. नमाज झाल्यावर काय काढायचं ते काढ गं."

नमाजेआधी हातपाय-तोंड धुऊन वुजू करायचा, आणि अंगातून रक्त वाहिलं तर तो पुन्हा करायचा, ही गोष्ट अध्यक्षांनाही माहीत होती. फक्त स्वतःच्या दंडाशी त्यांनी ती जोडली नव्हती. चिटणिसांनीही नव्हती, त्यांचा नमुना अध्यक्षांच्या आधीच झाला होता. सकाळी रक्त देऊन नमाजेसाठी थांबलेल्या सगळ्याच पुरुषांच्या दंडावर अजून कापूस होता. म्हणजे त्या घडीला जमातीतले बहुतेक पुरुष नमाजेला उभं राहण्याच्या लायकीचे नव्हते, आणि मागे बसलेली म्हातारी होती. सगळे नळांकडे पळाले. तिथे ही गर्दी, ढकलाढकली, कापूस कुठे टाकायचा याची चौकशी. म्हातारीला हलवायला कुणाला वेळच उरला नाही.

मौलाना पुढे उभे राहिले. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. पुरुषांची जेमतेम एक रांग, मग रिकामं जाजम, आणि त्या टोकाला खुर्चीतली म्हातारी. शेजारी हातमोजे काढून, कोट तसाच ठेवून सुईबाई उभी. त्यांनी हात कानांपर्यंत नेले आणि नमाज सुरू केली.

इथे स्पीकर लागत नव्हता. मौलाना वाकले की दिसायचे, उठले की दिसायचे. सुईबाईला एवढ्या साध्या गोष्टीने भरून आलं. सजद्यात तिने कपाळ टेकवलं आणि तिला जाजमाचा वास आला. तो वास तिच्या मोरीतल्या साबणाचा होता. म्हातारी खुर्चीतूनच झुकत होती, आणि उठायला तिला एकदाही उशीर झाला नाही. उशीर झाला तो अध्यक्षांना. वुजू करून ते धावत आले तेव्हा पहिली रकात गेलेली. सलाम फिरवून सगळ्यांची नमाज संपल्यावर राहिलेली रकात ते एकटेच उभे राहून पुरी करत होते, आणि म्हातारी मागे बसून डोकं फिरवून फिरवून ते बघत होती.

मग सुईबाईने सासूचा नमुना घेतला. शीर लगेच सापडली.

अध्यक्ष जवळ आले. ते वाईट माणूस नव्हते, आणि आता सगळं गोड शेवटाकडे चाललंय असं त्यांना वाटत होतं. "अम्मी, झालं ना समाधान? डोळे भरून पाहिलंत ना? तुमच्या नजरेसाठी म्हणून आम्हीही काही बोललो नाही. एक दिवसाचा तर प्रश्न."

"पाहिलं," म्हातारी म्हणाली. "अल्लाह तुमचं भलं करो. बघायचं संपलं माझं. आता नजर गेली तरी चालेल. उद्यापासून नुसती नमाजेला येत जाईन."

अध्यक्षांनी चिटणिसांकडे पाहिलं. चिटणीस पुढे झाले. "अम्मी, अहो, तुम्हाला दिसत नाही, गुडघे दुखतात. तुम्हाला घरी पढायची पूर्ण सवलत आहे. कशाला त्रास?"

"आंधळ्याला सवलत आहे?" म्हातारीने मौलाना उभे होते तिकडे मान वळवली. "मौलाना, तुम्ही मागे एकदा जुम्म्याला सांगत होतात. मी खिडकीतून ऐकलं. एक आंधळा माणूस पैगंबरांकडे आला होता. काय झालं होतं पुढे?"

मौलाना घुटमळले. त्यांनी कमिटीकडे पाहिलं, मग जाजमाकडे पाहिलं. "तो म्हणाला, मला मशिदीत घेऊन येणारं कुणी नाही, मी घरीच नमाज पढू का? पैगंबरांनी आधी सवलत दिली. तो निघाला, तेव्हा परत बोलावून विचारलं, तुला अजान ऐकू येते का? तो म्हणाला, येते."

"मग?"

"मग ये, म्हणाले."

"ते पुरुषाबद्दल आहे," अध्यक्ष घाईने म्हणाले.

"असेल," म्हातारी म्हणाली. "पण विचारलं ते कानाबद्दल. मला येते ऐकू."

चिटणिसांना विम्याच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच शब्द सापडेना, म्हणून ते शिबिराच्या खुर्च्या घड्या घालायला लागले. एकेक करत ते म्हातारीच्या खुर्चीपाशी आले. ती लेकाच्या हाताला धरून उठली होती. चिटणिसांनी खुर्चीला हात घातला.

"ती नका उचलू," मौलाना म्हणाले. त्यांचा आवाज हॉलच्या शेवटपर्यंत ऐकू गेला. "ती राहू द्या तिथेच."